पाच तारे, चार हँगर

अक्का-दाजींच्या लग्नाला यंदा पन्नास वर्षं झाली. न्यू जर्सीहून भाचीचा फोन आला. "मामा, दोघांना गोव्याला घेऊन जा. पैसे मी भरते. पण हॉटेल फाइव्ह स्टारच बघ हं. तुझं ते 'स्वच्छ आणि घरगुती' मुळीच नको."

माझी हॉटेल निवडायची पद्धत तिला लहानपणापासून माहीत आहे. गल्ल्यावरच्या माणसामागे देवाचा फोटो आहे का आणि पुढची उदबत्ती आजची आहे का, एवढंच मी बघतो. या पद्धतीने मी आजवर दोनदाच फसलोय, आणि दोन्ही वेळा उदबत्ती इलेक्ट्रिकची होती.

पण पैसे तिचे, तेव्हा हट्टही तिचाच. अ‍ॅपमध्ये गोवा टाकलं, पाच ताऱ्यांच्या चौकोनात बरोबरची खूण केली, तर मांद्र्यापासून काणकोणापर्यंतचा किनारा नुसता लुकलुकायला लागला. एवढे तारे आले कुठून? जरा नीट बघितलं तर एकाच चौकटीत दोन जातींचे तारे होते. हॉटेलच्या नावापुढचे पाच वेगळे. ते कुणी दिले याचा पत्ताच नाही; कित्येकदा हॉटेलवाल्यानेच माहिती भरताना स्वतःला देऊन टाकलेले. त्याखाली पाहुण्यांनी दिलेले वेगळे, ४.६ वगैरे. हे पाहुणे तारे कशावरून देतात ते मी रात्री एकपर्यंत वाचत बसलो. एक गृहस्थ जुलैत गोव्याला गेले होते. पाऊस पडला म्हणून हॉटेलला एक तारा देऊन आले. दुसऱ्या एका बाईंनी पाच दिले होते, कारण वेटरने त्यांच्या बाळाला न मागता केक आणून दिला. पाऊस आणि केक यांची सरासरी तीन.

मुळात आपल्या भाषेतच हॉटेल म्हणजे खायची जागा. 'हॉटेलात जाऊ' म्हटलं की पोरं चपला घालतात. बॅग भरायला कुणी धावत नाही. झोपायची जागा ती लॉज. दाजींनी एस.टी.त बत्तीस वर्षं काढली, वाहक म्हणून लागले आणि वाहतूक नियंत्रक होऊन निवृत्त झाले. मुक्कामी गाडीबरोबर ते स्टँडासमोरच्या इतक्या लॉजांत निजले आहेत, की त्यांचा स्वतःचा एक निकष तयार झालाय : पंखा फिरतो का, कडी लागते का, ढेकूण किती. तिन्ही बरोबर असलं की उत्तम. चौथा प्रश्न विचारायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही.

'पंचतारांकित' हा शब्द तर मराठीत हॉटेलातून कधीच निसटलाय. आमच्या कागलला पंचतारांकित औद्योगिक वसाहत आहे. शेंद्र्यालाही आहे. रात्रपाळी सुटल्यावर टपरीवर उभ्याने वडापाव खाणाऱ्या पोराला कुणी सांगितलं, की बाबा तू आत्ता पाच ताऱ्यांखाली उभा आहेस, तर तो वर बघेल आणि म्हणेल, ढग आहेत.

तर मी खरे तारे शोधायला निघालो. म्हणजे सरकारी. आपल्याकडे हॉटेलांना तारे देते केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची समिती. एक ते पाच, आणि पाचाच्या डोक्यावर आणखी एक 'फाइव्ह स्टार डीलक्स'. दाजींना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे साधी, निमआराम आणि शिवनेरी." अगदी तसंच. फरक एवढाच, की शिवनेरीच्या पाटीवर साधी गाडी लावली तर प्रवासी डेपोत गोंधळ घालतात.

पहिली गंमत अशी, की हे तारे घेणं सक्तीचं नाही. हॉटेलने अर्ज केला तर समिती येते, नाही केला तर येत नाही. म्हणजे तारा नाही याचा अर्थ हॉटेल वाईट असा होत नाही. मालकाने अर्ज केला नाही, एवढाच होतो. जुने वाडे, गढ्या, राजवाडे यांची तर वहीच वेगळी. १९५०च्या आधीची वास्तू असेल तर 'हेरिटेज', १९३५च्या आधीची असेल तर 'क्लासिक'. त्या वहीत तारेच नाहीत. महाराजांच्या पलंगावर झोपा, पण तारा मागू नका.

दुसरी गंमत त्या समितीच्या यादीत आहे. ही यादी मी चवीने वाचली. पाच ताऱ्यांची खोली न्हाणीघर सोडून किमान २०० चौरस फुटांची हवी. ठीक. पण पुढे वाचा. गादी किमान १० सेंटिमीटर जाड. दोघांचा पलंग १८० सेंटिमीटर रुंद. माणशी एक पेला. निदान अर्ध्या अंगाचा आरसा. 'डू नॉट डिस्टर्ब'ची पाटी. आणि कपाटात, दर बिछान्यामागे, किमान चार हँगर.

चार. बायकोच्या साड्या तीन असल्या तर नवऱ्याचा एक सदरा टांगता येतो, असा हिशेब करून कुणीतरी हा आकडा ठरवला असणार. दिल्लीत त्या दिवशी बैठक झाली असेल, चहा आला असेल, एक अधिकारी तीन म्हणाला असेल, दुसरा पाच. शिवाय ही हँगरांची आणि गादीची अट एका ताऱ्याच्या हॉटेललाही आहे. म्हणजे गादीच्या जाडीत गरीब-श्रीमंत हा भेद आपल्या सरकारने मानलेला नाही.

माझी यादीवर हरकत नाही. हँगर मोजता येतात, म्हणून मोजले. आरसा टेपने मापता येतो. लिफ्ट आहे की नाही हे जाऊन बघता येतं. पण रात्री दोनला शेजारच्या हॉलमधला डीजे भिंतीतून येतो का, हे सकाळी अकराला आलेल्या समितीला कुठून कळणार? आणि तारे एकदा मिळाले की पाच वर्षं चालतात. पाच वर्षांत गालिच्याचं काय होतं हे ज्याच्या घरात नातवंडं आहेत त्याला विचारा.

त्यापेक्षा फ्रीज-एसीचे तारे प्रामाणिक. २०२२च्या जुलैत एसीचे निकष कडक झाले आणि आदल्या दिवसापर्यंत पाच ताऱ्यांचा असलेला एसी सकाळी उठला तो चार ताऱ्यांचा होऊन. मॉडेल तेच, तसंच, पण एक तारा गेला. हॉटेलला असं कुणी सांगतं का, की तुमचा सोफा २०११ सालचा आहे, एक उतरवा? आणि फ्रीजचे तारे वाढले की बिल कमी येतं. हॉटेलचं उलट. अक्काला हे कळेना. ती म्हणाली, "मग पाच ताऱ्यांचं महाग कसं? वीज वाचते ना?"

यादीत मला आवडलेली एक सोय मात्र सांगितलीच पाहिजे. चार आणि पाच तारे दोन प्रकारे मिळतात, मद्यासह आणि मद्याविना. दारू ठेवली नाही म्हणून तारा जात नाही. पन्नास वर्षांच्या संसाराला याहून जवळचं वर्गीकरण मी पाहिलेलं नाही. अक्का मद्याविना, दाजी क्वचित मद्यासह, दोघांचे तारे सारखे.

बाहेरच्या जगात काही फार शहाणपण आहे असं समजू नका. ज्या फ्रान्सकडून जगाने हॉटेलाचा थाट उचलला, तिथे २००९पर्यंत पाचवा तारा नव्हताच. सगळ्यांत वरचा वर्ग 'चार तारे ल्युक्स'. म्हणजे पॅरिसातल्या राजेशाही हॉटेलात उतरून आलेला माणूस घरी येऊन सांगणार, चार ताऱ्यांत होतो. आणि दुबईचा शेजारी म्हणणार, अरेरे. शेवटी फ्रेंचांनी पाचवा तारा काढला. तोही पुरेना, म्हणून २०१०मध्ये त्याच्या डोक्यावर 'पॅलेस' नावाची आणखी एक पायरी बांधावी लागली. दुबईचं तर विचारूच नका. बुर्ज अल अरब १९९९च्या डिसेंबरात उघडलं आणि कुणीतरी बातमीत त्याला सात तारे देऊन टाकले. सात तारे देणारी अधिकृत संस्था अस्तित्वात नाही. खुद्द हॉटेल म्हणतं, आम्ही असं कधी म्हटलं नाही. पण आमच्या सोसायटीतले एक काका तिथे जाऊन, बाहेरूनच फोटो काढून आलेत, आणि ते शपथेवर सांगतात, सातच.

सगळ्यांत जास्त दबदबा ज्यांचा, ते तारे देणारे लोक कोण, हेही बघून ठेवा. मिशलँ ही टायरची कंपनी. लोकांनी मोटारीने लांब लांब जावं, म्हणजे टायर झिजतील, म्हणून १९००मध्ये तिने वाटेवरच्या सोयींची पुस्तिका काढली. १९२६पासून खाण्याच्या जागांना तारे दिले, आणि हॉटेलांना किल्ल्या द्यायला सुरुवात केली ती थेट २०२४मध्ये. अमेरिकेत हेच काम मोबिल या पेट्रोलवाल्यांनी १९५८मध्ये सुरू केलं. आज ते फोर्ब्सच्या नावाने चालतं. यांचे तपासनीस नाव न सांगता येतात, राहतात, फोन किती वाजण्यांत उचलला, पाहुण्याला नावाने हाक मारली का, असलं बघतात. हँगरापेक्षा हे बरं, हे मी मान्य करतो. पण टायरवाला आणि पेट्रोलवाला हॉटेलांना गुण देऊ शकतो, तर एस.टी.ची घंटी वाजवलेल्या माणसाने का देऊ नयेत? दाजींची पुस्तिका निघाली असती तर निदान ढेकणांचा रकाना तरी असता.

आणि एक बघा. तारे देतं सरकार. पण कर घेताना तेच सरकार ताऱ्यांकडे ढुंकूनही बघत नाही. जीएसटी बघतो भाडं. दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के, त्यावर एक रुपया गेला की १८. पर्यटन खातं हँगर मोजतंय, अर्थखातं नोटा मोजतंय. दोघांपैकी नेमकं मोजमाप कुणाचं, हे मला विचारू नका. साडेसात हजाराच्या एक रुपया आत बसवलेली भाडी मात्र मी अ‍ॅपवर पुष्कळ पाहिली. तिथे तारे तीन असोत की पाच, मालकाला गणित येतं एवढं कळतं.

मराठीत आजवर झालेलं सर्वोत्तम हॉटेल-परीक्षण मात्र एकही तारा न वापरता झालंय. जून २०२२, गुवाहाटी, सांगोल्याच्या तेव्हाच्या आमदारांचा फोन. काय झाडी, काय डोंगार, काय हाटील. तीन निकष, तिन्ही स्वच्छ. आधी परिसर, मग देखावा, आणि शेवटी हॉटेल. बाथरोबचा उल्लेख नाही. भाड्याचा तर नाहीच. भाडं ज्याला बघावं लागत नाही, त्याचंच लक्ष झाडीकडे जातं.

आमचं भाडं भाची बघत होती, म्हणून मीही झाडीकडे लक्ष देऊन एक हॉटेल ठरवलं. ठरवण्यापूर्वी तिथे फोन केला. विचारलं, "खोल्या शेवटच्या कधी नव्या केल्या?" पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, आमची प्रॉपर्टी टाइमलेस आहे." तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. 'पार्शल सी व्ह्यू' म्हणजे नेमकं किती, हेही विचारलं. ती म्हणाली, बाल्कनीतून दिसतो. दिसला. रेलिंगला पोट लावून डावीकडे वळलं की दोन माडांच्या मधे, पंचाच्या काठाएवढा. दाजी म्हणाले, "मालवणला फुकट पूर्ण दिसतो."

अकराला पोचलो. खोली तीनला. गळ्यात शिंपल्यांच्या माळा आल्या, हातात गवती चहाचं गार पाणी आलं, आणि आम्ही चार तास लॉबीत तीन अतिमहत्त्वाच्या व्यक्तींसारखे ताटकळत बसलो. लॉजवाला निदान म्हणतो, बॅगा ठेवा आणि फिरून या.

खोली मात्र झकास होती. अक्का दारातच थबकली. पलंग आणि न्हाणीघर यांच्या मधे भिंतच नव्हती. होती, पण काचेची. लख्ख, आरपार. पलंगावर पडल्या पडल्या कमोडचं संपूर्ण दर्शन.

"हे काय रे?" अक्का म्हणाली. "हे बांधायचं राहिलंय का?"

मी सांगितलं, ही फॅशन आहे. अक्का चाळीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती; तिने माझ्याकडे गृहपाठ न केलेल्या पोराकडे बघावं तसं बघितलं. मग पिशवीतून एक नऊवारी काढली आणि म्हणाली, "हँगर काढ. काचेवर टांगू."

मी कपाट उघडलं. हँगर होते, सरकारी नियमाहून दोन जास्तच, जाड, गुळगुळीत, सागवानी रंगाचे. पण त्यांना वरचा आकडाच नव्हता. आकडा दांडीला कायमचा अडकवलेला, आणि हँगर त्यात फक्त खोवायचा. बाहेर काढला की नुसतं लाकूड. कशालाच लागत नाही. पाहुण्यांनी चोरून नेऊ नये म्हणून ही युक्ती. दाजींनी हँगर हातात घेऊन उलटासुलटा केला. एस.टी.तल्या माणसाला असली युक्ती लगेच कळते. म्हणाले, "रात्रीचे बारा हजार घेतात, आणि हँगरचा भरवसा नाही."

मग त्यांनी स्वतःच्या बॅगेतली नायलॉनची दोरी काढली. प्रवासात दोरी न नेणारा माणूस दाजींच्या लेखी अजाण. एक टोक पडद्याच्या दांडीला, दुसरं शॉवरच्या नळाला; मधे नऊवारी. पाच ताऱ्यांचा स्वीट पाच मिनिटांत चाळीच्या गॅलरीसारखा दिसू लागला आणि अक्काला घरी आल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात बेल वाजली. हाउसकीपिंगचा पोरगा टॉवेल घेऊन आला होता. दोरी बघून तो क्षणभर थांबला, पण हसला नाही. "आजी, इथं पडदा हाय," म्हणाला, आणि पलंगाजवळच्या बटणांच्या पाटीवर बोट टेकवलं. मास्टर, मूड, रीडिंग, फूट आणि आणखी काहीतरी. त्यातलं एक दाबल्यावर काचेवरून पडदा गुपचूप खाली उतरला. पोरगा खानापूरचा निघाला. अक्काने पडदा मान्य केला, पण नऊवारी काढली नाही. "विजेवर चालतो ना? वीज गेली तर?"

मग तिने खरी अडचण सांगितली. न्हाणीघरात छतातून पाऊस पाडणारा शॉवर होता, हातात धरायचा शॉवर होता, कमरेला फवारे मारणारी तोंडं होती. पण बादली आणि मग नव्हता. गुडघेदुखीची बाई स्टुलावर बसून तांब्याने अंघोळ करते, हे यादी करणाऱ्यांना कुणी सांगितलं नसावं. पोरगा "बघतो" म्हणून गेला आणि दहा मिनिटांत निळी बादली, लाल मग आणि प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन आला. ते हॉटेलचं नव्हतं. स्टाफच्या न्हाणीतलं होतं. त्याने धुऊन आणलं होतं, अजून ठिबकत होतं. अक्काने त्याच्या हातावर दोन बेसनाचे लाडू ठेवले.

तीन दिवस बरे गेले. सकाळच्या बुफेत पोहे झाकणाच्या भांड्यात वाफवून वाफवून बुंदीसारखे सुटे झाले होते. पण तो विषय काढायला वेगळा लेख लागेल. दाजी रोज समुद्रावर गेले, आणि अ‍ॅपमध्ये 'बीचपासून दोन मिनिटं' लिहिलं होतं ते त्यांनी घड्याळ लावून मोजलं. अकरा.

निघताना माझ्या फोनवर अ‍ॅपचा निरोप आला, तुमचा मुक्काम कसा झाला, तारे द्या. मी फोन अक्काकडे दिला. म्हटलं, तूच दे, तुझ्याच लग्नाचा वाढदिवस होता. तिने चष्मा लावला, पाच रिकाम्या ताऱ्यांकडे बघितलं आणि पहिल्यावर बोट ठेवलं. एक पिवळा झाला. खाली लिहायची जागा होती. तिथे तिने हळूहळू टाइप केलं : पोरगं गुणी आहे. बादली-मग आपणहून दिलं. हॉटेल छान.

चाळीस वर्षं तिच्या वर्गात असंच चालत आलेलं. वही नेटकी असली, अक्षर वळणदार असलं, की लाल पेन्सिलीने कोपऱ्यात एक तारा. त्या एका ताऱ्यासाठी पोरं महिनाभर अक्षर घोटायची. दोन कुणालाच कधी मिळाले नव्हते.

मी काही बोलेपर्यंत तिने 'पाठवा' दाबलं होतं.

दुसऱ्या दिवशी घरी पोचतो तोच हॉटेलच्या जनरल मॅनेजरचा मेल. आपल्याला आलेल्या अत्यंत वाईट अनुभवाबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत, नेमकं काय चुकलं ते कळवावं, संबंधितांवर योग्य ती कारवाई करू. मी अक्काला वाचून दाखवला. ती घाबरली. "अरे, लगेच फोन लाव त्यांना. त्या पोराला काही बोलले तर?"

फोन लावला. एक दाबा, दोन दाबा, मग संगीत. अक्का शेजारी बसून आहे, चष्मा लावून. मघापासून संगीतच चालू आहे.